चौकाचे नियम बदलायचे असतील तर

उभी नोकरी पालिकेत झाली, शेवटची काही वर्षे हेडक्लार्क म्हणून. कुठल्या पालिकेत ते सांगत नाही, तिथल्या खुर्च्यांवरची माणसे अजून ओळखीची आहेत. निवृत्त झाल्यापासून पणजी, म्हापसा, फोंड्याकडचे लोक घरी येतात ते बहुधा एकाच कामाला: "भाऊ, आमच्या चौकाचे नियम बदलायचे आहेत, मसुदा तेवढा बघून द्या." कधी व्यापारी असतात, कधी नगरसेवक, कधी बागेत रोज फिरणारी मंडळी. मसुदा उघडला की पहिल्याच पानावर ठरलेले वाक्य: 'सार्वजनिक जागेचा गैरवापर करणाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल.' गैरवापर कशाला म्हणायचे, कारवाई कुणी करायची, किती दिवसांत, ती चुकीची झाली तर दाद कुठे मागायची, यातले एक अक्षर नाही. म्हणजे ज्याच्या हाती दंडुका त्याचा नियम.

मग चहा येतो आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो. ते आता लिहूनच काढतो. उदाहरणे पणजीची घेतो, कारण नदीकाठ, बाग, बाजार, चर्च, देऊळ आणि पर्यटक असे सगळे एवढ्याशा जागेत दुसरीकडे कुठे सापडत नाही. पण पद्धत म्हापशाला आणि मडगावलाही तीच.

आधी जागेवर

चर्च चौकातली महापालिकेची बाग घ्या, गार्सिया द ओर्ताच्या नावाची. वही घेऊन तिथे सकाळी साडेसहाला बसा. झाडूवाले, चालायला आलेले, पेपरवाला, हॉर्न वाजवत जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला. दहाला तीच जागा स्कूटर लावायची होते. दुपारी बाकावर कुणीतरी आडवे झालेले असते; बहुधा पहाटे चारला उठून बाजारात माल उतरवलेला माणूस. चारनंतर पेन्शनर, पाचनंतर मुले, सातनंतर दिवे लावून फोटो काढणारे. वहीत वेळ, जागा आणि काय चालले आहे एवढेच लिहायचे. कोण करतो आहे ते लिहायचे नाही, त्याचे कारण पुढे येईल.

एका दिवसात हे काम होत नाही. कॅसिनोच्या गर्दीचा शनिवार आणि पावसातला मंगळवार ही दोन वेगळी शहरे आहेत. आठ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, चर्चभोवती फेरी (जत्रेचा बाजार) भरते, मळा या भागात मारुतीची जत्रा असते, श्रावणात अष्टमीची फेरी, मग शिगमो आणि कार्निव्हलच्या मिरवणुका. यातला एकही दिवस वहीतून सुटता कामा नये, कारण नेमके याच दिवसांत नियम मोडतो आणि मग 'विशेष बाब' म्हणून फायली फिरायला लागतात.

सोबत टेप न्या. फुटपाथवर गाडा, खांब, झाडाचा कट्टा, दुकानाची पाटी हे सगळे सोडून मोकळी वाट किती उरते ते मोजा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पादचाऱ्याला निदान १.८ मीटर विनाअडथळा वाट हवी. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर एकमेकींना चुकवून जाऊ शकतील इतकी. खडूने रेघ मारून बघा. पुष्कळदा ती रेघ गाड्यामुळे तुटत नाही. दुकानदाराने बाहेर काढलेल्या पायरीमुळे किंवा पालिकेनेच बसवलेल्या कुंडीमुळे तुटते. सभेत 'फेरीवाल्यांनी फुटपाथ गिळला' अशी ओरड सुरू झाली की या मोजमापाचा कागद उपयोगी पडतो.

माटोळीचा, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडणीचा, बाजार मात्र नीट बघा. चतुर्थीच्या आदले दोनतीन दिवस सत्तरी, डिचोली, सांगे, केपे इकडून बायामाणसे पोती घेऊन येतात आणि बाजाराच्या भोवती मिळेल तिथे बसतात. तोरिंगे, मावळिंगे, कांगणे, कवंडाळ, चिबूड अशी फळे, सुपारीचे घोस, नारळाची पेंड (घड). तिसऱ्या दिवशी तिथे कुणी नसते, उरतो तो पाला आणि माटोळी बांधायच्या केवणीच्या दोऱ्यांचे तुकडे. ही माणसे वर्षाचे बाकीचे दिवस शेतकरी असतात. कुठल्याच सर्वेक्षणात त्यांचे नाव येत नाही आणि परवान्यासाठी अर्ज करायला ती पणजीला हेलपाटे घालणार नाहीत. आता तुमच्या मसुद्यात 'नोंदणीकृत विक्रेत्याशिवाय कुणीही विक्री करू नये' असे वाक्य असेल, तर त्या वाक्याने माटोळी संपली. अंमलबजावणी होणार नाही हा भाग वेगळा. इन्स्पेक्टर त्या दिवशी डोळेझाक करील. पण जो नियम डोळेझाक करूनच चालवावा लागतो, त्याचा उपयोग पुढे कुणाच्या तरी पोत्याला हात घालण्यासाठी होतो. म्हणून हंगामी बाजाराचे कलम वेगळे काढा: चतुर्थीपूर्वीचे अमुक दिवस, अमुक रस्ता वाहनांना बंद, नोंदणी लागणार नाही, स्वतःच्या कुळागरातला (बागायतीतला) किंवा रानातला माल, आणि तिसऱ्या दिवशी पाला उचलायची जबाबदारी पालिकेची. हे शेवटचे लिहायला पालिका नाराज असते. लिहून घ्या.

जमीन कुणाची, ते कागदावर

लोकांना वाटते, शहरात आहे म्हणजे पालिकेचे. तसे नाही. बाग महापालिकेची असेल, तिला लागून असलेला रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो, धक्का आणि जेटी बंदर कप्तानाच्या अखत्यारीत येते, देवळासमोरचे पटांगण देवस्थानचे, कुठे कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावकीची, जमीन निघते. नदीकाठाला वर किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, म्हणजे तिथे तात्पुरता मांडव घालायचा तरी किनारी प्राधिकरणाचा विचार करावा लागतो. शहर भूमापनाच्या कचेरीत जा, पी. टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा) आणि चलता नंबर (त्या पानावरच्या तुकड्याचा) काढा, नकाशाची प्रत घ्या आणि ज्या जागेला नियम लागू करायचा तिच्या हद्दी त्या नकाशावर रंगवा. हा रंगवलेला नकाशा उपविधीला, म्हणजे आपण ज्याला बायलॉ म्हणतो त्याला, परिशिष्ट म्हणून जोडायचा. 'शहराचा मध्यवर्ती भाग' असे मोघम लिहिलेत तर पहिलाच वकील विचारील, मध्य कुठून मोजायचा?

जुने नियमही हुडकावे लागतात. पणजीला २००२ चा महापालिका कायदा लागू आहे, बाकीच्या तेरा पालिकांना १९६८ चा नगरपालिका कायदा. त्याखाली वेळोवेळी केलेले उपविधी राजपत्रात असतात, शुल्काचे दर ठरावांत असतात, आणि काही 'नियम' तर नुसते कुणा जुन्या मुख्याधिकाऱ्याच्या परिपत्रकात असतात, ज्याला कायद्याचा आधारच नसतो. कचेरीत तोंडी विचाराल तर 'फाइल शोधतो' म्हणतील. माहिती हक्काचा अर्ज करा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नका. 'अमुक बागेच्या वापराबाबत आज लागू असलेले उपविधी, ठराव आणि परिपत्रके यांच्या प्रती' एवढेच मागा. अर्ज मराठीतून करायला हरकत नाही: १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे.

राज्याच्या किंवा केंद्राच्या कायद्यात जे आधीच आहे ते पुन्हा लिहू नका. उघड्यावर दारू पिणे आणि चूल मांडणे घ्या. पर्यटन स्थळांच्या २००१ च्या कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हा एकट्याला २,००० रुपये आणि गटाला १०,००० रुपये दंड ठरला होता. तुम्ही त्याच कृत्याला उपविधीत ५०० लिहिलेत तर पकडलेला माणूस तुमचे ५०० दाखवणार. अशा ठिकाणी 'प्रचलित कायद्यानुसार' म्हणून पुढे सरका.

कलमे कशी लिहायची

मी तीन कप्पे करायला सांगतो. पहिल्यात कुणालाही न विचारता करायच्या गोष्टी: बसणे, चालणे, खेळणे, गाणे, डबा खाणे, मोबाइलवर फोटो काढणे, चारचौघांनी गप्पा मारणे. दुसऱ्यात नुसते कळवायचे, परवानगी मागायची नाही. तिसऱ्यात परवानगी. बहुतेक पालिका पहिला कप्पा लिहीतच नाहीत. त्यांना वाटते, ज्याला बंदी नाही ते चालतेच की. पण रखवालदाराला हे कोण सांगणार? संध्याकाळी बागेत भजनाचा सराव करणाऱ्या बायकांना 'परमिशन आहे का' म्हणून उठवणारा रखवालदार मी पाहिलेला आहे. पहिला कप्पा छापून गेटवर लावला असता तर त्या बायकांनी बोट दाखवले असते.

कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात, हे कृतीवरून ठरवा, माणसावरून नव्हे. वहीत 'कोण' लिहू नका म्हटले ते याचसाठी. 'भिकारी, फिरस्ते व संशयास्पद व्यक्तींना मज्जाव' असले कलम आजही मसुद्यात येते. संशय कुणाला आला म्हणजे पुरे? त्याऐवजी लिहा: 'बाग रात्री ११ ते पहाटे ५ बंद राहील.' सर्वांना, नगरसेवकाच्या भाच्यालासुद्धा.

मळा-फोन्तेनच्या गल्ल्यांतले फोटोशूट हे आणखी चांगले उदाहरण. तिथले रहिवासी वैतागलेत, आणि साहजिक आहे. दुसऱ्याच्या पायरीवर नवरा-नवरी, दारासमोर कपडे बदलणे, आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट नाही. 'व्यावसायिक छायाचित्रणास बंदी' असे लिहिले की वाद सुरू: मी व्यावसायिक नाही, मी मित्राचे फोटो काढतो. मी लिहून दिलेले कलम असे होते:

'ज्या छायाचित्रणासाठी जमिनीवर टेकणारे कोणतेही साहित्य (तिपाई, दिवा, परावर्तक, पडदा) वापरले जाते, त्याला परवानगी लागेल. अशी परवानगी सकाळी ८ ते ११ या वेळेसाठीच मिळेल. कोणत्याही घराच्या पायरीचा, बाल्कावाचा (दारासमोरच्या बैठकीचा) किंवा दाराचा वापर घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय करता येणार नाही.'

तिपाई जमिनीवर आहे की नाही हे कुणालाही दिसते. त्यात वाद घालायला जागा नाही.

सभा, धरणे आणि निदर्शने हा भाग सगळ्यात जपून लिहायचा. गोव्यात तरी याची आठवण करून द्यावी लागू नये. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली ती पोर्तुगीज अमलात, जिथे चार माणसांनी जमायलाही सरकारचा कागद लागायचा. त्या मैदानाला आज लोहियांचे नाव आहे आणि पणजीच्या मुख्य रस्त्याला त्या तारखेचे. त्याच रस्त्यावर 'आयुक्तांना योग्य वाटल्यास सभेस परवानगी देता येईल' असा नियम शोभत नाही, आणि कोर्टात टिकतही नाही. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच सांगितले: सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचे नियमन करता येते, पण कुठल्याही मार्गदर्शक कसोटीविना अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. तो नियमच रद्द झाला.

म्हणून 'योग्य वाटल्यास', 'आवश्यक तेथे', 'सक्षम अधिकारी' हे शब्द दिसले की लाल पेन काढा. सक्षम अधिकारी कोण? पदनाम लिहा. त्याने किती दिवसांत उत्तर द्यायचे? दिवस लिहा, मी सभेला तीन आणि मोठ्या कार्यक्रमाला दहा सुचवतो. उत्तर आलेच नाही तर? 'परवानगी मिळाली असे समजण्यात येईल.' या एका ओळीवर कचेरीत सगळ्यात जास्त भांडण होते, आणि तिच्यावरच सगळ्यात जास्त अडून बसा. नाकारायचे तर कारणे आधीच उपविधीत छापलेली हवीत: त्याच जागी त्याच वेळी दुसऱ्याला परवानगी दिलेली आहे, रुग्णवाहिकेची वाट अडते, मागची अनामत थकलेली आहे. यापलीकडचे कारण चालणार नाही. एक लक्षात असू द्या, जिल्हाधिकाऱ्यांचा जमावबंदीचा आदेश ही वेगळी गोष्ट. तो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, पूर्वीचे १४४. तो अधिकार पालिकेचा नाही, आणि उपविधीत मागच्या दाराने तो आणू नये.

आवाजाचे फारसे काही करायचे नसते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पालिका नव्हे. जत्रेतली नाटके पहाटेपर्यंत रंगायची ते दिवस मलाही आठवतात, पण उपविधीत तसे आश्वासन देऊन मंडळांना तोंडघशी पाडू नका.

विक्रेते

इथे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे आणि तो तुमच्या उपविधीपेक्षा मोठा आहे. नगर विक्रेता समिती असल्याशिवाय विक्रीची आणि बिगरविक्रीची क्षेत्रे ठरवायच्या भानगडीत पडू नका. समितीवर निदान ४० टक्के विक्रेते निवडून आलेले हवेत आणि त्यांच्यातल्या एकतृतीयांश बायका. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि हलवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस लागते. पन्नास वर्षांहून जुना स्वाभाविक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचे नाही, असे त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबद्दल कुणी 'सुशोभीकरण' हा शब्द काढला की हे परिशिष्ट पुढे सरकवायचे.

आपल्याकडची खरी गुंतागुंत सोपोची, म्हणजे बाजारात बसण्याबद्दल घेतल्या जाणाऱ्या पैशांची. सोपो वसूल होतो, पावती मिळते. बाई पावती दाखवून म्हणते, पैसे घेतलेत म्हणजे मी कायदेशीर. कचेरी म्हणते, ते जागेचे भाडे, परवाना नव्हे. एका फेरीत खाजे (गोड खाऊ) विकणाऱ्या एका खाजेकारणीने माझ्यासमोर प्लास्टिकच्या पिशवीतून पावत्यांची चवड काढली. वरच्या हिरव्या, खालच्या पिवळ्या पडलेल्या, काही तर शाई उडून कोऱ्या झालेल्या. "सायबा, माझ्या सासूच्या पण आहेत हांतूंत," म्हणाली. कायद्याच्या भाषेत त्या पावत्यांना काही किंमत आहे की नाही, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. तुमच्या दुरुस्तीत दोन वाक्ये घाला: सोपोची पावती हा विक्रीचा परवाना नाही, मात्र सर्वेक्षणात जुनेपणाचा पुरावा म्हणून ती ग्राह्य धरली जाईल. पावतीवर तारीख, जागेचा क्रमांक आणि रक्कम छापलेली हवी, हेही तिथेच लिहा. सोपो वसूल करणारा ठेकेदार कुरकुरेल.

शुल्काचे एवढेच: तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला चढा दर, शाळा आणि भजनी मंडळांना शून्य, अनामत सर्वांना आणि ती परत करायची मुदत लिखित. दर उपविधीच्या अंगात घालू नका, परिशिष्टात ठेवा, नाहीतर शंभर रुपये वाढवायला सगळी मिरवणूक पुन्हा काढावी लागते.

हरकती, ठराव, राजपत्र

मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवणे कायद्याने लागतेच. पण नोटीस कचेरीच्या फळ्यावर आणि एका पेपरच्या कोपऱ्यात लावून भागवतात. ज्या जागेचा नियम आहे त्या जागेवर फळा लावा: कोकणी देवनागरीत आणि रोमीत, मराठीत, इंग्रजीत, आणि बाजारात असाल तर हिंदी व कन्नडमध्येही. चतुर्थीच्या किंवा नाताळच्या पंधरवड्यात मुदत ठेवू नका. ती ठेवली जाते ती मुद्दामच, असे माझे स्पष्ट मत आहे. सुनावणी संध्याकाळी सहानंतर घ्या, सकाळी अकराला दुकानदार येतात आणि गाडेवाले येऊ शकत नाहीत.

प्रत्येक हरकतीला नंबर, आणि शेवटी तक्ता: हरकत काय, मान्य की अमान्य, का. हा तक्ता ठरावासोबत बैठकीपुढे ठेवा. पाच-सहा नगरसेवक तरी तो वाचतात, आणि विरोधातला एखादा त्यातूनच प्रश्न काढतो. बरेच आहे, इतिवृत्तात प्रश्न आणि उत्तर दोन्ही येतात आणि पुढे कोर्टात तेच वाचले जाते.

ठराव झाला म्हणजे काम झाले असे समजून लोक पेढे वाटतात. खरे घोडे पुढे पेंड खाते. प्रस्ताव सरकारच्या मान्यतेला जातो, तिथून विधी खात्याचा शेरा येतो, कधी एका शब्दासाठी फाइल परत येते. प्रस्तावासोबत रंगवलेला नकाशा, हरकतींचा तक्ता आणि कुठल्या कलमाखाली अधिकार आहे याचे टिपण असेल तर परत येण्याचे कारणच उरत नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत फाइल वर गेली पाहिजे. नाहीतर नवे मंडळ येते, नवे मंडळ नवा मसुदा मागते. मान्यतेनंतर गुरुवारच्या राजपत्रावर लक्ष ठेवा. छापून आले की प्रत विकत घ्या आणि मसुद्याशी शब्दनशब्द ताडा. टंकलेखनात 'नाही' गळालेले मी पाहिले आहे, आणि मग शुद्धिपत्र निघेपर्यंत अर्थ उलटा.

शेवटचे कलम आढाव्याचे ठेवा. परवानगीच्या अर्जांची नोंदवही दर महिन्याला फळ्यावर लागेल: अर्जदार, जागा, दिले की नाकारले, छापील कारणांपैकी कुठले. एक पावसाळा आणि एक फेस्तांचा हंगाम पार पडला की ती वही घेऊन पुन्हा बसायचे. 'नाकारले'च्या रकान्यात एकाच मंडळाचे किंवा एकाच युनियनचे नाव परत परत दिसले, तर ज्या कारणाखाली नाकारले ते कलम उघडा आणि त्यातला कुठला शब्द सैल राहिला ते शोधा.